ठसे ताजे आणि स्क्रीन रिकामी : उसातला बिबट्या थर्मल कॅमेऱ्यात का सापडत नाही

ओल्या सरीत ठसे ताजे आहेत. रात्री गोठ्यातली शेळी गेली आहे. बिबट्याला उसात शिरताना दोघा-तिघांनी पाहिलं आहे. थर्मल कॅमेऱ्यात मात्र बांधापासून बांधापर्यंत नुसता करडा ऊस. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कॅमेरा त्याच शेतात जागोजागी पांढरे ठिपके दाखवतो आणि त्यातला एकही बिबट्या निघत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पलीकडे संगमनेर-अकोले, वर निफाड-सिन्नर, या सगळ्या ऊसपट्ट्यातल्या बचाव पथकांकडून आणि ड्रोन उडवणाऱ्या पोरांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. पाठोपाठ प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा बिघडलाय का, सर्व्हिसिंगला पाठवू का?

बहुतेक वेळा कॅमेरा ठीक असतो. चुकलेली असते ती वेळ, नाहीतर जागा, नाहीतर त्या चित्रावरून काढलेला निष्कर्ष. तिसरी चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्याबद्दल खाली जरा जास्त लिहिलं आहे.

आधी एवढं पक्कं करा : कॅमेरा नेमकं काय बघतो

थर्मल कॅमेरा बिबट्याच्या अंगातली उष्णता बघत नाही. तो समोरच्या वस्तूच्या वरच्या पृष्ठभागातून निघणारी ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीची अवरक्त किरणं मोजतो आणि शेजारच्या वस्तूशी तुलना करून फरक रंगवतो. फरक नसेल तर चित्रही नाही.

बिबट्याच्या शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या आसपास असलं, तरी अंगावर केस असतात. रजई पांघरून झोपलेल्या माणसाची ऊब बाहेरून हाताला लागत नाही, तसंच इथे होतं. केसांचा बाहेरचा थर हवेच्या तापमानाच्या बराच जवळ असतो, फार तर काही अंश वर. खरी गरम दिसतात ती डोळे, नाक-तोंड, कानांचा आतला भाग, पोटाकडची पातळ केसांची बाजू आणि पायांचा आतला भाग. बिबट्या पाठ करून बसला असेल तर यातलं काहीच तुमच्याकडे नसतं. शेपटी तर बऱ्याचदा दिसतच नाही, आणि अंगावरचे ठिपके रात्री थर्मलमध्ये उमटत नाहीत. म्हणून "ठिपके दिसले नाहीत, म्हणजे कुत्रं असणार" हे म्हणणं बाद.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. कॅमेरा ट्रॅपमधला, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातला, रात्रीचा काळा-पांढरा फोटो थर्मल नसतो. तिथे ट्रॅप स्वतःचा अदृश्य प्रकाश टाकतो आणि परत आलेला टिपतो, म्हणून त्यात डोळे चमकतात. थर्मलमध्ये डोळे चमकत नाहीत. डोळ्यांची चमक बघायची तर बॅटरीचा झोतच मारावा लागतो. ट्रॅपचा फोटो काढायचा इशारा मात्र उष्णतेच्या फरकावरच चालतो. म्हणूनच मे महिन्यात भर दुपारी जनावर समोरून गेलं तरी ट्रॅप गप्प राहतो. दुखणं दोन्हीकडे सारखंच.

घड्याळ बघा

दिवसातून दोनदा असा वेळ येतो की जमीन, पाला, दगड आणि जनावराच्या केसांचा थर या सगळ्यांची तापमानं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. एकदा सकाळी ऊन चढू लागल्यावर, एकदा संध्याकाळी ऊन उतरताना. त्या अर्ध्या-पाऊण तासात कितीही महागडा कॅमेरा आणा, चित्र सपाट मिळणार. आणि आपली शोधमोहीम नेमकी कधी सुरू होते? सकाळी गावकरी जमल्यावर, साहेब पोचल्यावर, म्हणजे आठ-साडेआठला. नाहीतर संध्याकाळी सहाला, "अंधार पडायच्या आत एकदा बघून घेऊ" म्हणून. तक्रारींचा मोठा वाटा या दोन वेळांतून येतो.

दुपारी उलटंच घडतं. एप्रिल-मेमध्ये उघडी जमीन आणि खडक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात, पन्नास अंशांच्या पुढेही जातात. मग सावलीतला बिबट्या आजूबाजूपेक्षा थंड दिसतो, आणि तुम्ही पांढरा ठिपका शोधत असता तेव्हा तो काळा असतो. दुपारी बघणं टाळता येत नसेल तर दोन्ही रंगयोजनांत बघा, गरम पांढरं आणि गरम काळं. इंद्रधनुषी रंग व्हिडिओत छान दिसतात, पण शोधकामात ते डोळ्याला फसवतात; ते बंद ठेवा.

आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची गोष्ट वेगळीच आहे. दिवसभर तापलेला कातळ, बांधावरचे दगड, विहिरीचं बांधकाम, सिमेंटचा पाट हे सगळं मध्यरात्र उलटली तरी ऊन सोडत असतं. उन्हाळ्यात रात्री नऊ-दहाला डोंगराच्या कडेला कॅमेरा लावला तर प्रत्येक धोंडा जनावर वाटतो. त्यावर उपाय एकच, थांबायचं. पहाटे चार ते उजाडेपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला, कारण तोवर दगड आणि माती जितकी निवायची तितकी निवलेली असते आणि जिवंत शरीर मात्र आपली ऊब टिकवून असतं.

ऊसतोडीचा हंगाम थंडीत येतो, हे आपलं नशीबच म्हणायचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा जनावर आणि शेत यांच्यातला फरक वर्षातला सर्वांत ठळक असतो. फक्त दव आणि धुकं यांना विसरू नका. धुक्यातले थेंब ही किरणं शोषतात आणि विखुरतात. दाट धुक्यात थर्मलचा पल्लाही पार घटतो. "थर्मल धुक्यातून आरपार बघतो" हा समज विरळ धुरकटापुरता खरा आहे, नदीकाठच्या पहाटेच्या धुक्यासाठी नाही. पाऊस पडून गेल्यावरही काही तास वाट बघा. पाण्याचा पातळ थर पानं, दगड, केस सगळ्यांना एकाच तापमानावर आणून ठेवतो.

ऊस : खरी अडचण इथे आहे

आता मूळ मुद्दा. थर्मल कॅमेरा पाल्यातून आरपार बघत नाही. एक हिरवं पान आड आलं तरी त्याला दिसतं ते पान. ड्रोनच्या व्हिडिओत गवतातला वाघ लखलखताना बघून लोकांना वाटतं की किरणं गवत भेदून येतात. तसं नसतं. गवतातल्या फटींतून जेवढं अंग थेट दिसतं तेवढंच उमटतं.

म्हणून उसाचं वय आणि लागण विचारल्याशिवाय ड्रोन वर घेऊ नका. दोन-तीन महिन्यांचा ऊस असेल तर सऱ्या उघड्या असतात, वरून जमीन दिसते, काम सोपं. पुढे पानं एकमेकांत मिसळतात आणि वरून छत तयार होतं. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या हंगामात तोडीला येतो तेव्हा दहा-बारा फूट उंच असतो, खाली पाचटाचा (वाळक्या पाल्याचा) थर आणि मध्ये लोळलेले, आडवे पडलेले ऊस. अशा फडात बिबट्या जमिनीला चिकटून झोपला असेल तर वरून त्याच्या अंगाचा दहावा भागसुद्धा थेट दिसेल याची खात्री नाही. पट्टा पद्धतीनं लावलेला, रुंद सरीचा ऊस असेल तर आशा जास्त. खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर त्याच बुंध्यांतून फुटलेल्या उसात, जागोजागी तुटाळ (रिकाम्या जागा) असते, तिथून बरंच दिसतं.

उंचीचा हिशोब एकदा कागदावर करून ठेवा, मग मैदानात वाद होत नाहीत. सध्या बऱ्याच ड्रोनवर ६४० × ५१२ पिक्सेलचा, प्रत्येक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असा संवेदक आणि साधारण नऊ मिलिमीटरचं भिंग असतं. अशा जोडणीत १२० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे १६ सेंटीमीटरचा होतो. बिबट्याचं अंग शेपूट सोडून सव्वा मीटरच्या आसपास, वरून दिसणारी रुंदी एक फूट. म्हणजे उघड्यावर बसला तरी आठ बाय दोन पिक्सेल, आणि पानांनी अर्धा झाकला की दोन-तीन सुटे ठिपके. तेच ६० मीटरवरून पिक्सेल आठ सेंटीमीटरचा होतो आणि पूर्ण अंग पंधरा बाय चार भरतं. ४० मीटरवर आणखी बरं. १२० मीटर ही आपल्या ड्रोन नियमांतली ग्रीन झोनची, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हवाई भागाची, कमाल मर्यादा आहे. ती शोधकामाची उंची म्हणून सांगितलेली नाही, पण अनेकजण तीच धरून बसतात, कारण तिथून शेत मोठं दिसतं.

६० मीटरवरून एका चौकटीत साधारण ५० बाय ४० मीटर जमीन येते, म्हणजे सुमारे अर्धा एकर. तेव्हा पट्टे आखा, दोन पट्ट्यांत ३० मीटरहून जास्त अंतर नको, वेग सेकंदाला तीन मीटरच्या आत. कॅमेरा थेट खाली रोखून एकदा सऱ्यांच्या दिशेनं जा, मग थोडा तिरका करून आडव्या दिशेनं. तिरकं बघणं दाट उसात कमी उपयोगी, पण काठाकाठाच्या चार-पाच सऱ्यांसाठी फार चांगलं, आणि बिबट्या दिवसा बऱ्याचदा बांधापासून फार आत नसतो. वारा असेल तर पानं हलतात आणि फटी उघडतात. स्थिर हवेत रिकाम्या दिसलेल्या कोपऱ्यावर वाऱ्याची झुळूक येईपर्यंत ड्रोन एकाच जागी तरंगत ठेवा. ड्रोन खाली आणून त्याच्याच वाऱ्यानं पानं उघडायचा मोह होतो, तो टाळा. आवाजानं जनावर उठतं आणि पलीकडच्या बांधावर गर्दी उभी असते.

तोडीच्या दिवसांत माझ्या कानावर एक वाक्य वारंवार पडतं : "थर्मल मारलंय, ऊस मोकळा आहे, चालू करा तोड."

हे वाक्य कुणीही बोलू नये. थर्मलनं जनावर दिसलं तर ते आहे, एवढं खात्रीनं सांगता येतं. दिसलं नाही तर त्यातून "नाही" सिद्ध होत नाही. तोडणीला आलेल्या दाट फडात तर जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. कोयता घेऊन पहाटे फडात शिरणारी माणसं बीड, अहिल्यानगरकडून, लांबून आलेली असतात. त्यांची लेकरं फडाच्या कडेला कोपीत (पाल्याच्या झोपडीत) झोपलेली असतात. त्यांनी त्या एका शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. स्क्रीन रिकामी असेल तर त्यांना सांगायचं ते असं : "वरून दिसलं नाही, पण आत असू शकतो. एका बाजूनं तोड सुरू करा, दुसरी बाजू मोकळी सोडा, आवाज करत चला, एकट्यानं आत जाऊ नका, लेकरं फडाच्या कडेला ठेवू नका." मोकळ्या बाजूला बघ्यांची गर्दी नको. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच लागू. वीज रात्रीच्या पाळीला असते म्हणून तो जातो. त्याला सोबत, बॅटरी आणि आवाज हेच उपयोगी, आमची रिकामी स्क्रीन नव्हे.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये माणसांवर हल्ले करणाऱ्या लांडग्यांच्या शोधात थर्मल ड्रोन वापरले गेले, तिथेही आजूबाजूला उसाची शेतं होती. ड्रोननं त्यांचा ठावठिकाणा मिळायला मदत झाली, पण पकडायचं काम पिंजरा, जाळी आणि जमिनीवरच्या माणसांनीच केलं. थर्मलची जागा तेवढीच आहे : पिंजरा कुठे लावायचा, पथक कुठून न्यायचं, गर्दी कुठून हटवायची हे ठरवायला मदत.

जागोजागी बिबट्याच दिसतात

ही उलटी तक्रार. उसाच्या काठावर रात्री गरम दिसणाऱ्या गोष्टींची यादी मोठी असते : विहिरीवरची मोटार, ट्रान्सफॉर्मर, उकिरडा, शेणाचा ढीग (तो आतून कुजत असल्यामुळे पहाटेही गरम असतो), ताजी तोड झालेल्या फडातलं जळकं पाचट, कुत्री, रानडुक्कर, कोल्हा, ससा, आणि धनगरांच्या वाघुरीतली (जाळीच्या कुंपणातली) मेंढरं. पत्र्याचं शेड मात्र उलटं वागतं. पत्रा स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, थंड आकाश परावर्तित करतो, म्हणून काळा ठिक्कर दिसतो आणि त्याच्या आत काय आहे ते कधीच कळत नाही.

ठिपका हलत नाही म्हणून दगड समजू नका. झोपलेला बिबट्याही तासन्‌तास हलत नाही. दोन गोष्टी करून बघा. एक, जागा बदला आणि दुसऱ्या बाजूनं बघा. दगडाचा आकार तोच राहतो, जनावराचा बदलतो, शिवाय त्याची गरम जागा, म्हणजे तोंड, एका बाजूला आढळते. दोन, अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा बघा. दगड रात्र चढेल तसा मंद होत जातो, जनावर शेजारच्या जमिनीपेक्षा अधिकाधिक उठून दिसतं. ड्रोनवर साधा झूम कॅमेरा असेल तर शेवटचा निर्णय त्यावर, उजेडात. पायी जाऊन खात्री करायची नाही, कुणीही नाही.

चालत्या जनावराची ओळख चालीवरून होते. बिबट्याचं डोकं खांद्याच्या रेषेत किंवा खाली, पावलं संथ आणि जमिनीला धरून. कुत्रं दुडकतं, डोकं वर असतं. तरसाची पाठ पुढून उंच आणि मागे उतरती, ती थर्मलमध्ये फार स्पष्ट कळते. आकारावरून मात्र फसगत होते, कारण अंतर माहीत नसताना जवळचं मांजर आणि लांबचा बिबट्या सारखेच दिसतात. शेजारी ओळखीच्या मापाचं काही आहे का बघा : विजेचा खांब, उसाची उंची, बांधावरची मोटारसायकल.

हा गोंधळ सर्वांत महाग पडतो तो पिल्लांच्या बाबतीत. तोडीच्या वेळी सापडलेली "बिबट्याची पिल्लं" पुष्कळदा रानमांजराची असतात. थर्मलमध्ये तर दोन्ही फक्त उबदार गोळे. तिथे थर्मल बाजूला ठेवा, फोटो काढून जाणकाराला दाखवा, हाताळू नका, आणि वन विभागाला १९२६ वर कळवा.

पिल्लं खरोखर बिबट्याची असली तर मात्र थर्मल कॅमेऱ्याचं सर्वांत चांगलं काम तिथेच होतं. पशुवैद्यकाची तपासणी झाली की पिल्लं खोक्यात घालून सापडली त्याच शेतात, त्याच बांधाजवळ संध्याकाळी ठेवली जातात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या आणि वन विभागाच्या पथकांनी जुन्नर परिसरात अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळवून दिली आहेत. खोक्याभोवती जागा मोकळी, अंतर माहीत, थंडीचे दिवस, बघायचं एकाच ठिकाणी; थर्मलला हवं ते सगळं इथे जुळून आलेलं असतं. दोन-अडीचशे मीटरवरून, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं, एकही दिवा न लावता बघता येतं. त्या रात्री ड्रोन नको, तिपाईवर बसवलेला हातकॅमेराच बरा. आई एका वेळी एकच पिल्लू उचलून नेते आणि मध्ये बराच वेळ जाऊ शकतो. पहिली फेरी दिसली म्हणून पथकानं पुढे सरकायचं नाही.

चित्रच खराब येतंय

हे भराभर उरकतो, कारण यातलं बरंचसं दोन मिनिटांत सुटतं.

सगळं धूसर असेल तर आधी डोळ्याजवळची चकती फिरवून स्क्रीनवरची अक्षरं स्पष्ट करा, मग पुढचं भिंग फिरवून दृश्य. लोक उलट क्रमानं करतात आणि कधीच समाधान होत नाही. चित्र दर थोड्या वेळानं क्षणभर गोठतं आणि "टक" आवाज येतो, तो बिघाड नाही. कॅमेरा आतली झडप मिटून स्वतःला सुधारून घेतो. नुकताच चालू केलेला कॅमेरा हे जास्त वेळा करतो, म्हणून कामाच्या दहा मिनिटं आधी चालू ठेवा. झडप मिटल्यावरही चित्रावर उभ्या रेघा किंवा एकाच जागी डाग राहत असेल, तर तो खरा बिघाड.

जीपच्या काचेतून काही दिसत नाही? दिसणारच नाही. साधी काच या किरणांसाठी भिंत आहे. तुम्हाला दिसतं ते काचेचं तापमान आणि तुमचं स्वतःचं प्रतिबिंब. काच खाली घ्या. एसीच्या गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते आणि ती वाफही अपारदर्शक. हातरुमालानं पुसू नका, जर्मेनियमच्या भिंगावरचा लेप खराब होतो. निवांत सुकू द्या.

चौकटीत अर्धं आकाश घेतलं असेल, किंवा कोपीसमोरची चूल, गाडीचं बॉनेट येत असेल, तर बाकीचं शेत एकाच करड्या रंगात दाबलं जातं. कॅमेरा आपोआप सर्वांत गरम आणि सर्वांत थंड यांच्यामध्ये रंग वाटतो. त्या टोकांमध्ये जागा खाल्ली गेली की दोन-तीन अंशांच्या फरकाला काही उरत नाही. कॅमेरा खाली झुकवा, चूल चौकटीबाहेर काढा. "ऊस एकदम काळा येतो" ही तक्रार एवढ्यानंच मिटते.

खोक्यावरचा पल्ला

नवीन कॅमेरा घेताना ग्रामपंचायती आणि मंडळं पल्ल्याच्या आकड्यावर जातात. "एक किलोमीटर" असं लिहिलेलं असतं. हा आकडा माणूस "काहीतरी आहे" एवढंच कळण्याचा असतो. ३८४ पिक्सेल, १२ मायक्रॉन आणि १९ मिलिमीटर भिंग अशा लोकप्रिय जोडणीत किलोमीटरवर एक पिक्सेल ६३ सेंटीमीटरचा पडतो. उभा माणूस म्हणजे तीन ठिपके. बिबट्या खांद्यापाशी जेमतेम दोन फूट उंच; तिथे तो एक ठिपका.

अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही या हिशोबाचा पाया आहेत. त्यातून ढोबळपणे निघतं ते असं : नुसतं अस्तित्व कळायला दोन पिक्सेल, प्राणी कोणत्या प्रकारचा ते कळायला सहा-आठ, आणि नक्की कोण ते कळायला बारा-सोळा. वरच्या जोडणीत बिबट्याच्या उंचीवर सहा पिक्सेल मिळतात ते साधारण दीडशे मीटरपर्यंत. खऱ्या कामाचा पल्ला तो. झूम केल्यानं तो वाढत नाही, तेच पिक्सेल मोठे दिसतात. जास्त पल्ला हवा तर भिंग मोठं घ्या, पण मग चौकट अरुंद होते आणि शोधणं हळू. गावातल्या पथकाला मध्यम भिंगच जास्त उपयोगी पडतं. संवेदनशीलतेचा आकडा, म्हणजे कॅमेऱ्याला तापमानाचा किती बारीक फरक कळतो तो, ४० मिलिकेल्विन (०.०४ अंश) वगैरे, प्रयोगशाळेत मोजलेला असतो. दमट रात्री कमी आकड्याचा कॅमेरा खरंच बरा, पण आडव्या आलेल्या पानापुढे तोही हरतो.

विहीर आणि डार्ट

विहिरीत पडलेला बिबट्या थर्मलमध्ये दिसत नाही, असं सांगत फोन येतात. भिजलेले केस पाण्याच्या तापमानाला येतात. वर राहतं ते फक्त तोंड. अंग शोधू नका, पाण्याच्या रेषेवर लहानसा गरम ठिपका शोधा, आणि कठड्याच्या आतली कपार, मोटारीचा पाइप, शिडी तपासा. अशा वेळी साधी बॅटरी थर्मलपेक्षा लवकर उत्तर देते.

पशुवैद्यकानं बेशुद्धीचा डार्ट मारल्यावर औषध चढायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात जनावर उसात शिरतं. तेव्हा ड्रोन आधीच हवेत हवा, डार्ट लागल्यापासून नजर ठेवून. नंतर उडवलं तर पुन्हा तोच पाल्याचा प्रश्न. बेशुद्ध जनावराचा ताप थर्मलच्या स्क्रीनवरच्या आकड्यावरून सांगू नका. तो आकडा केसांचा आहे; औषधानं तापमान बिघडलेलं असू शकतं, आणि ते डॉक्टरांच्या थर्मामीटरनंच कळतं.

ड्रोन कुणाच्या सांगण्यावरून उडवताय

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९७२ च्या या कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. पकडणं, हुसकावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही तिच्यात येतं. गावातल्या हौशी ड्रोनवाल्यानं बिबट्यामागे ड्रोन लावून त्याला या शेतातून त्या शेतात पळवलं तर ती मदत होत नाही, आणि पलीकडच्या शेतात कोण वाकून खुरपत असेल हे त्याला दिसलेलं नसतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना सांगून, त्यांच्या पथकासोबतच उडवा. व्हिडिओ लगेच गावच्या ग्रुपवर टाकू नका. दहा मिनिटांत बांधावर दोनशे माणसं उभी राहतात आणि मग थर्मलमध्ये खरंच फक्त माणसंच दिसतात.

एवढं सगळं करूनही अडचण सुटली नाही आणि कुणाला विचारायचं असेल, तर सोबत ही माहिती द्या : वेळ, हवेचं अंदाजे तापमान, आदल्या काही तासांत पाऊस-दव-धुकं होतं का, उसाचं वय आणि लागण, ड्रोनची उंची किंवा हातातल्या कॅमेऱ्यापासूनचं अंतर, संवेदकाचे पिक्सेल आणि भिंग, कोणती रंगयोजना लावली होती, आणि शेजारी ओळखीच्या मापाचं काय होतं. व्हिडिओची मूळ फाइल कार्डावरून काढून द्या. व्हॉट्सॲपवर दाबून लहान झालेल्या फाइलमध्ये दोन पिक्सेलचा ठिपका सर्वांत आधी पुसला जातो, आणि बऱ्याचदा प्रश्न त्याच ठिपक्याबद्दल असतो.